हद्दीचं झाड

आराखड्याच्या सूचीत सहा रंग.
हिरवा म्हणजे नारळ, पिवळा वस्ती,
करडा धक्का नि धावपट्टी,
निळ्या तिरप्या रेघा म्हणजे राखीव पाणी.
उरलेले दोन कुणीतरी तसेच ठेवलेत,
पुढे लागतील म्हणून.

मी इथलीच, किरिबासच्या या बेटाच्या उत्तर टोकाची.
राजधानीत शिकले
आणि परतले ती पन्नास मीटरचा टेप घेऊन.
इथे जमिनीच्या पट्ट्या असतात
लगूनपासून महासागरापर्यंत, एका घराण्याला एक,
रुंदी बारा पावलं, भावाभावांत वाटून वाटून कुठे चार.
लांबीला, बेट सगळ्यात ऐसपैस आहे तिथे,
सहा वेळा टेप टाकला.
सातव्यांदा अर्धासुद्धा उलगडला नाही,
पाय ओले झाले.

मानेआबाच्या छपराखाली जो तो
आपापल्या पूर्वजाच्या जागी मांडी घालून.
चटईवर नकाशा, कोपऱ्यांवर चार शहाळी.
मी सांगितलं, वाळूखाली गोड्या पाण्याचं भिंग आहे,
खाऱ्यावर अलगद तरंगतंय,
मध्यावर जाड, कडेला नखाएवढं.
म्हणून मध्यावर डुकरं नकोत, संडास नकोत,
नवं घर नको,
नवी कबर नको.

ऐकून घेतलं सगळ्यांनी. इथे कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही.
मग ताबेताने घसा खाकरला.
"भिंग म्हणतेस ते आम्ही बाबाईच्या खड्ड्यात रोज बघतो.
पान कडेने पिवळं पडलं की समजायचं, मीठ आलं.
तुझ्या यंत्राला किती दिवस लागतात?"
अकरा, मी म्हटलं. बाटली विमानाने जाते.
विमान आलं तर.
छप्पर हलेल इतके हसले सगळे. मीही.

नेई काब्वेआ हसली नाही.
ओहोटीला मला घेऊन गेली प्रवाळाच्या खडकांत,
कमरेचं कापड वर खोचून, गुडघाभर पाण्यात.
तिथे एक बुंधा, कालवांनी मढलेला.
"हे माझ्या हद्दीचं झाड. टेप लाव."
लावला. काठापासून एक्केचाळीस मीटर.
"लिही."
भरतीच्या रेषेखालचं सगळं सरकारचं, मी कायदा सांगितला.
"मग सरकारला म्हणावं, ये राहायला."
वहिवाट तिची मोडलेली नव्हतीच,
अजून त्या बुंध्याला टेकून ती जाळं धुते.
थोरल्या मुलीची नाळ तिथेच कुठेतरी पुरलेली,
नेमकी कुठे ते आता मासे जाणोत.

कोरडी उरलीय ती पट्टी मध्यावरची.
तिथे योतेबाला, धाकट्याला, घर बांधायचंय,
नि मी माझ्याच हाताने तिच्यावर
निळ्या तिरप्या रेघा मारल्यात.
एकीकडून समुद्र, दुसरीकडून मी.
"तो निदान सही मागत नाही,"
एवढंच म्हणाली ती, आणि चालू लागली.

रात्री कंदिलापाशी नकाशा पसरून
मी समुद्रात पेन्सिलीने एक ठिपका दिला,
ठिपक्यापासून काठापर्यंत एक रेघ.
पेन्सिल स्कॅनरवर उमटत नाही, मला माहीत आहे.
तरी रेघ सरळ यावी म्हणून पट्टी वापरली.

पहाटे जाग आली ती ओरडण्याने.
तिची तिन्ही डुकरं मध्यावरून हलवलेली,
महासागराकडच्या पार कडेला, केतकीच्या मुळांना बांधलेली,
प्रत्येक लाटेसरशी मागे सरत, दोर ताणत.
योतेबा जुन्या कुंपणाचे खुंट उपटत होता,
माझ्याकडे न बघता.

अहवालात एक रकाना आहे, सहमतीचा.
होय किंवा नाही, एकावर खूण करायची.
तिने सही केलेली नाही.
विमान दुपारी आहे, असलं तर,
आणि मी पेन्सिलीचं टोक चघळत बसलेय.
डुकरं अजून ओरडतायत.